अर्धी गोळी, चार तिकिटं

४ जून

ढब्बू,

आशीर्वाद गृहीत धर, तेवढीच शाई कमी लागेल.

शुक्रवारी निवृत्त झाले. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी होते, आता चार दिवस बसले आणि कंटाळले. म्हणून जे ठरवलं ते कळवते. नोव्हेंबरमध्ये आपण चौघांनी जपानला जायचं आहे. मी, तू, तुझी बायको आणि तुमची मुंगी. आपल्या घरातलं कुणी आजवर देशाबाहेर गेलेलं नाही, ते आता जाईल. माझे गुडघे अजून दोन वर्षं साथ देतील असं हाडांचे डॉक्टर म्हणतात आणि मुंगी तेरावं वर्ष संपेपर्यंतच आपल्याबरोबर हिंडेल असं मी म्हणते. पुढे ती मैत्रिणींची होईल.

जपानच का, हे विचारू नकोस. विसाव्या वर्षी तू लिफ्टचं काम शिकायला लागलास तेव्हा तुझं पहिलं यंत्र तिकडून आलेलं होतं. त्याच्या पट्टीवरची अक्षरं वहीत उतरवून आणलीस आणि महिनाभर जेवताना आम्हाला दाखवत होतास. "एकदा तिथं जाऊन विचारणार, हे काय लिहिलंय." त्याला सव्वीस वर्षं झाली. आता जाऊन विचार.

फोन करू नकोस. फोनवर तू "हो ताई, हो ताई" करतोस आणि फोन ठेवला की पाटी कोरी. या प्रवासाचं सगळं लेखी होईल. सध्या तीन गोष्टी हव्यात.

एक, तिघांच्या पासपोर्टच्या अर्जाची तारीख. मुंगीच्या फोटोत कान दिसले पाहिजेत आणि तिनं जीभ आत ठेवायची आहे.

दोन, बूट. तिकडे जागोजागी काढावे लागतात. तुझे ते नाडीचे, गुडघ्यापर्यंतचे कामाचे बूट घेऊन आलास तर आम्ही तुला दारातच सोडून पुढे जाऊ.

तीन, औषधं. प्रत्येकाची यादी हवी: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं तिथं आधी विचारल्याशिवाय नेता येत नाहीत. माझ्या रक्तदाबाच्या गोळीपासून मी सुरुवात केली आहे. कुणी काही लपवलं आणि विमानतळावर अडकलं, तर मी ओळख दाखवणार नाही.

उत्तर मुद्देसूद दे.

ताई


१५ जून

ताई,

नमस्कार तूही गृहीत धर.

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचलं. मुंगी आनंदानं खुर्चीवर चढली आणि पडली. गुडघा फुटलाय, पण ती म्हणते जपानला जाईपर्यंत बरा होईल. वाचनालयातून तिनं भाषेचं पुस्तक आणलंय. सकाळपासून घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवते. आज माझ्या पाठीवरही एक होती. ती तशीच घेऊन मी कामावर गेलो. तिचा अर्थ काय ते सांगत नाही, नुसती हसते.

तुझे मुद्दे. पासपोर्टचे अर्ज सोमवारी. बुटांचं बघतो. औषधं: बायकोची थायरॉइडची सकाळची एक गोळी, ताकद चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवली आहे. मुंगीचं काही नाही. माझं काही नाही.

एक विचार मनात आला. तुम्ही तिघी जा ना. घरी कुणीतरी लागतंच. शिवाय नोव्हेंबरात आमच्याकडे वार्षिक तपासण्यांची गर्दी असते. किंवा पुढच्या वर्षी जाऊ. किंवा असं विचारतो, जहाजानं जाता येतं का? विमानात माणूस नुसता बसून राहतो, जहाजात हिंडता-फिरता येतं. सहज विचारलं.

आणि जायचंच झालं, तर मला कडेची जागा. दाराजवळची मिळाली तर फारच बरं.

बायको म्हणते, ताईंना कळवा की तुमचं पोट उतरलं. हल्ली मी सगळीकडे जिन्यानं जातो. तब्येतीला चांगलं असतं.

तुझा
ढब्बू


२२ जून

ढब्बू,

जहाज! तू काय मसाल्याचा व्यापारी आहेस?

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसले नाही.

सव्वीस वर्षं ज्या देशाचं नाव काढत होतास, तिथं "तुम्ही तिघी जा" म्हणतोस. लिफ्टचा मिस्त्री असून जिन्यानं फिरतोस. वजन उतरलं आहे. आणि मागच्या महिन्यात माझ्या निरोपाला आलास तेव्हा मी पाहिलं. पाचव्या मजल्यावरच्या सभागृहात तू घामानं निथळत पोहोचलास. लिफ्ट चालू होती, सगळे तिनंच आले होते. भाषणं चालू असताना तू पूर्णवेळ उघड्या खिडकीशी उभा होतास आणि छातीवर हात होता. मला वाटलं, बहीण निवृत्त होते म्हणून हळवा झाला असेल. मी मूर्ख.

आता सरळ उत्तरं दे. छातीत दुखतं का? डावा हात जड होतो का? दम लागतो तो चढताना की बसल्याबसल्याही? आपले बाबा गेले तेव्हा चोपन्न वर्षांचे होते आणि त्यांनीही आदल्या आठवड्यात "काही नाही" असंच सांगितलं होतं. ते "काही नाही" मला पाठ आहे.

उद्याच्या उद्या हृदयाचा आलेख काढून घे. रक्ताच्या तपासण्याही. मूळ कागद पाठव, नकला नकोत, नकलेत बारीक रेषा दिसत नाहीत. बायकोला आत्ता सांगायचं नसेल तर सांगू नकोस, पण मला सांग. तिकिटांचं थांबवलं आहे.

मी रागावलेली नाही.

ताई


६ जुलै

ताई,

आलेख काढला. अख्खी फाइलच पाठवतो आहे, मूळ कागदांसकट, म्हणजे तू पुन्हा ओरडायला नको. डॉक्टर म्हणाले, पंचविशीच्या माणसाचं हृदय आहे. जिने चढल्याचा फायदा.

म्हणजे तुझी काळजी मिटली. आता तुम्हा तिघींची तिकिटं काढून टाक. मला रजा मिळत नाही. साहेबांनी स्पष्ट नाही म्हटलं.

मुंगीच्या फोटोत कान आलेत. जीभ आत आहे.

ढब्बू


११ जुलै

ढब्बू,

फाइल मिळाली. आलेख खिडकीशी धरून पाहिला, मग आमच्या जुन्या भूलतज्ज्ञांकडे जाऊन त्यांनाही दाखवला. उत्तम आहे. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठले नाही. दूध उतू गेलं तरी उठले नाही. एवढंच सांगते, जास्त विचारू नकोस.

दुसऱ्या दिवशी कागद क्रमानं लावायला घेतले. तू "अख्खी फाइल" पाठवलीस. रक्ताच्या अहवालाला मागून एक चिठ्ठी टाचलेली होती. मार्च महिन्यातली, वेगळ्या डॉक्टरांची. अर्धी गोळी, लागेल तेव्हा.

ही गोळी हृदयाची नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ज्यांचे हातपाय गार पडतात, त्यांना आम्ही ही देत आलो. मी तुला औषधांची यादी मागितली होती. तू लिहिलंस, "माझं काही नाही."

रजेचंही खोटं आहे. तुझ्या साहेबांनी माझ्या निरोपाच्या दिवशी अभिनंदनाला फोन केला, तेव्हा मला स्वतः म्हणाले होते, "तुमचा भाऊ रजाच घेत नाही, जरा समजवा."

तू कशाला घाबरतोस ते मला माहीत नाही. पण मला सांगायला घाबरतोस, हे कळलं. तू साडेतीन वर्षांचा असताना आई गेली. तुझे दात पडले ते मी पाहिले, तू नापास झालास ते प्रगतिपुस्तक मी सही करून दिलं. आता काय उरलं आहे लपवण्यासारखं?

पत्र मिळाल्यापासून तीन दिवसांत उत्तर हवं.

ताई


१७ जुलै

ताई,

तीन दिवस तीन कागद फाडले. हा चौथा आहे, आता जसं येईल तसं लिहितो.

मार्चमधल्या एका रविवारी एका ऑफिसच्या इमारतीत काम होतं. बारा मजली इमारत. रविवारी तिथं कुणी नसतं, खाली फक्त पहारेकरी. तिथली एक लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून थेट आठव्यावर जाते. मधल्या मजल्यांवर तिला दारंच नाहीत, सरळ भिंत आहे. त्या लिफ्टच्या घंटीची बॅटरी बदलायची होती. जुनी काढली. नवी खाली पिशवीत राहिली होती. माझा जोडीदार त्या दिवशी आला नव्हता. म्हटलं, दोन मिनिटांचं काम, खाली जाऊन घेऊन येतो. आणि त्याच लिफ्टमध्ये शिरलो.

आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात: घंटी बंद असलेल्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवायचं नाही. मी स्वतः कितीजणांना शिकवलंय.

मधेच वीज गेली. डबा भिंतीसमोर थांबला. आतला छोटा दिवाही त्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे अंधार. घंटी नाही. मोबाइल वर यंत्राच्या खोलीत चार्जिंगला. छताची झडप बाहेरून उघडते. पहारेकऱ्याला वाटलं मी गेलो.

साडेपाच तास, ताई.

मी आजवर शेकडो माणसांना लिफ्टमधून बाहेर काढलंय. बाहेरून त्यांच्याशी बोलत राहतो. "हवा संपत नाही बरं का, वरून फट असते. दोर तुटत नाही, असे सहा दोर आहेत." सगळं खरं असतं. त्या दिवशी तेच सगळं मी स्वतःला मोठ्यानं सांगत बसलो, त्याच आवाजात. आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. हवा संपत नाही हे मला माहीत होतं आणि ती संपत होती. मग मी दारावर बुक्क्या मारल्या. ओरडलो. रडलो सुद्धा. ज्या दारापलीकडे भिंत आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, त्या दारावर.

वीज आली तेव्हा डबा आपोआप खाली गेला आणि दार उघडलं. पहारेकरी म्हणाला, "अरे साहेब, तुम्ही अजून इथंच?" मी म्हटलं, "हो, काम लांबलं."

तेव्हापासून लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही. दुरुस्ती बाहेरून करतो, आत बसून चाचणी घ्यायची वेळ आली की जोडीदाराला पाठवतो आणि मी जिन्यानं वर पळतो. त्याला वाटतं मी आवाज ऐकायला धावतो. घरी बाथरूमला कडी लावत नाही. डॉक्टरांकडे एकदाच गेलो, त्यांनी ती गोळी दिली. दोनदाच घेतली आहे, एकदा तुझ्या निरोपाच्या दिवशी.

विमान म्हणजे नऊ तास दार बंद. मला मरायची भीती नाही वाटत. मी उठून त्या दारावर बुक्क्या मारीन आणि मुंगी ते बघेल, ही भीती वाटते. तिला वाटतं तिचा बाबा अडकलेल्यांना सोडवतो.

तू माझं सगळं पाहिलंस हे खरं. पण घंटी काढून ठेवून आत शिरणारा मिस्त्री, हे तुला दाखवायचं नव्हतं. एवढंच.

ढब्बू


२२ जुलै

ढब्बू,

आधी माझं सांगते. तुझा आलेख येईपर्यंत मी मनात तुझ्या छातीवर तीनदा ऑपरेशन केलं. दोनदा तू वाचलास. तुझं पत्र वाचून संपवलं आणि जिन्यात येऊन शेजारणीला म्हणाले, "आमचा ढब्बू घाबरट निघाला हो!" ती बिचारी सांत्वन करायला लागली, तर मी हसत होते. भीती आहे, आजार नाही. मला आणखी काय हवं?

तुला "घाबरू नकोस" असं मी सांगणार नाही. चौतीस वर्षांत त्या शब्दानं एकाही माणसाची नाडी उतरलेली पाहिली नाही. सहा फुटी फौजदार माझा पदर धरून रडलेले आहेत. टेबलावरच्या माणसाला फक्त दोन गोष्टी उपयोगी पडतात. आता पुढे काय होणार ते आधी सांगणं आणि तेच होणं. दुसरं काही नाही.

आता काय करायचं ते.

बायकोला सांग. हे आधी. ते झाल्याशिवाय माझं पुढचं पत्र येणार नाही आणि मी शब्द पाळते हे तुला माहीत आहे.

मग साहेबांना सांग. साडेपाच तासांचं सांगायचं की नाही ते तुझं तू बघ, पण घंटीचं सांग. उद्या दुसरा कुणी दोन मिनिटांचं काम म्हणून तसाच आत शिरेल. थिएटरमध्ये एखादी पट्टी मोजणीत कमी भरली, तर जिची चूक तिनंच मोठ्यानं सांगायची असा आमचा नियम होता. लाज वाटते, पण रोगी वाचतो.

त्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. गोळी घेणं म्हणजे चोरी नाही. गोळी चोरून घेणं, ती चोरी.

आणि रोज तुमच्या इमारतीच्या लिफ्टसमोर उभा राहा. पहिला आठवडा दार उघडं, पाय आत, बस्स. दुसऱ्या आठवड्यात एक मजला. कुणी पाय अडवून दार धरायला हवं, ते तुझी बायको करील. पळून बाहेर आलास तरी चालेल, दुसऱ्या दिवशी परत जायचं.

मी आज चार तिकिटं काढली. तीन नाही.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

सांगितलं. बायकोला.

भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "एवढंच?" मग रडायला लागली. मी घाबरलो. म्हटलं, अगं मी बरा आहे. तर म्हणते, "मला वाटलं दुसरी कुणीतरी आहे!"

ताई, मी हादरलो. ती म्हणाली, "पोट काय उतरवलंत, रविवारी घरी काय थांबेनासे झालात, जपानला आम्हाला पुढे काय घालता! फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. बाथरूमचं दार सताड उघडं टाकून आंघोळ करणारा माणूस लफडं कसलं करणार?" नंतर दोघं इतकी हसलो की मुंगी अभ्यास सोडून बघायला आली.

साहेबांनाही सांगितलं, घंटीचं आणि साडेपाच तासांचंही. ते म्हणाले, "माझ्या हातून चौदा वर्षांपूर्वी असंच झालं होतं, दीड तास. मी कुणाला बोललो नाही." दुसऱ्या दिवशी फळ्यावर नियम लागला: नवी बॅटरी हातात असल्याशिवाय जुनी काढायची नाही आणि एकट्यानं कुणी जायचं नाही. खाली माझं नाव नाही, त्यांचं आहे.

लिफ्टचा अहवाल. पहिला आठवडा पाय आत, ठीक. दुसऱ्या आठवड्यात एक मजला, बायको शेजारी. ती माझा हात इतका घट्ट धरते की भीतीपेक्षा बोटं जास्त दुखतात. बारा तारखेला मात्र फजिती झाली. दार उघडताच मी असा उसळून बाहेर पडलो की तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंच्या हातातली अंडी गेली. डझनभर. माफी मागितली, खरं कारणही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला झुरळाचं तसं होतं."

काल चार मजले. एकटा नाही, पण चार.

मुंगीला सांगितलेलं नाही. तेवढं आत्ता सांग म्हणू नकोस.

ढब्बू


५ सप्टेंबर

ढब्बू,

चार मजले. छान. अंडी विकत आणून देणे.

वकिलातीला गोळीचं नाव, ताकद आणि संख्या लिहून विचारलं होतं. लेखी उत्तर आलं: एवढ्या गोळ्या डॉक्टरांच्या पत्रासकट, मूळ पाकिटात आणता येतील. मी ते उत्तर तीनदा वाचलं आणि फाइलला लावलं. तुझ्या नावापुढे आता यादीत औषध आहे. बघ, आकाश कोसळलं नाही.

माझ्या इमारतीत तळमजल्यावर विमानांच्या देखभालीतले एक निवृत्त इंजिनीयर राहतात. तुझ्यासारखाच माणूस, फक्त त्यांची लिफ्ट आडवी जाते. त्यांच्याकडे तीन दुपारी वही घेऊन बसले. दार बंद झाल्यापासून विमान स्थिर होईपर्यंत कोणकोणते आवाज येतात, कशाचे, कोणत्या क्रमानं, ते सगळं लिहून घेतलं. तेवीस आवाज आहेत. खाली गुरगुर, ती सामानाच्या कप्प्याची. उडाल्यावर धाडकन आवाज, ती चाकं आत गेली. मग जोर एकदम कमी झाल्यासारखा वाटतो आणि अननुभवी माणसाला वाटतं इंजिन बंद पडलं. पडलेलं नसतं. कागद सोबत आहे. पाठ कर.

मुंगीचं तुझ्यावर सोडते. मी फक्त विचारते, बारा वर्षांची मुलगी घरात सहा महिने बाबा जिन्यानं चढतो हे बघते, तिला तू काय आंधळी समजतोस?

ताई


२८ सप्टेंबर

ताई,

तुझा प्रश्न तीन आठवडे डोक्यात कुरतडत होता. शेवटी काल मुंगीला बसवलं आणि सांगितलं. अंधाराचं, बुक्क्यांचं, रडण्याचं, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचार करून म्हणाली, "म्हणजे विमानात तुम्ही खिडकीशी बसणार नाही?"

"नाही."

"नक्की? मग खिडकी माझी. आईला सांगा हं, नंतर बदलायचं नाही."

एवढंच बोलली आणि खेळायला गेली. सहा महिने मी काय लपवत होतो, ताई? मी बसल्या जागी हसलो. मग आत जाऊन तोंड धुतलं. कडी लावून.

काल अकरा मजले. एकटा.

ढब्बू


१० ऑक्टोबर

ढब्बू,

शाबास. हा शब्द मी वर्षातून एकदा वापरते, जपून ठेव.

नऊ तारखेला सकाळी सहा वाजता विमानतळावर, सहा वाजून पाच मिनिटांनी नाही. मी आदल्या दिवशी तुमच्याकडे येते. आपल्या जागा एका रांगेत आहेत: मुंगी खिडकीशी, मधे तुझी बायको, कडेला तू, वाटेपलीकडे मी. नाडी बघायला हात पोहोचेल. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, सामानात नव्हे. बूट दाखव.

एक गोष्ट लिहिते, बोलताना मला जमणार नाही. त्या दिवशी ऐनवेळी तुझे पाय वळले, तर आपण चौघं विमानतळावर चहा पिऊन घरी परत येऊ. मी एक शब्द बोलणार नाही, मुंगीलाही बोलू देणार नाही. जपान कुठे पळून जात नाही. जायलाच हवं असं काही नाही, एवढं तुला ठाऊक असू दे.

ताई


९ नोव्हेंबर, विमानात

ताई,

तू तीन रांगा पुढे आहेस आणि तुझा अंबाडा मला इथून दिसतो. विमान बदललं आणि जागा विस्कटल्या, त्यावरून काउंटरवरच्या मुलीला तू जे ऐकवलंस ते ती म्हातारी होईपर्यंत विसरणार नाही. शेवटी मला म्हणालीस, "शेजारी नाही तर नाही. लिहून काढ, उतरल्यावर वाचीन." म्हणून हा अहवाल.

दार बंद झालं तेव्हा वाईट झालं. खोटं कशाला लिहू? शर्ट भिजला, कानात शिट्टी वाजायला लागली आणि मी पट्टा सोडून अर्धा उठलो. बायकोनं माझी बोटं धरली, तिच्या त्या पद्धतीनं. मुंगीनं तुझा कागद मांडीवर उघडला आणि म्हणाली, "बाबा, गुरगुर आली, एक नंबर." दोन आला. तीन आला. मग चार यायच्या जागी सहा आला! ताई, मला असा संताप आला. हा इंजिनीयर तीस वर्षं करत काय होता? कामाचा क्रम लिहून द्यायचा तर नीट नको लिहायला? मी बायकोला पाच मिनिटं समजावत होतो की तपासणीचा तक्ता कसा लिहायचा असतो. ती म्हणाली, "खाली बघा." खाली घरं नखाएवढी झाली होती.

चौथ्या तासाला खिडक्या झाकल्या तेव्हा पुन्हा आलं. अर्धी गोळी घेतली, उघडपणे, सगळ्यांसमोर. मागे जाऊन उभा राहिलो. तू कधी उठून आलीस मला कळलं नाही. काही न बोलता मनगट धरलंस, घड्याळाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "एकशे चार. चालेल. जागेवर जा." मी जागेवर गेलो. मग झोप लागली. उठलो तर मुंगीनं माझं जेवण खाल्लं होतं, दुसरं मागून घेतलं.

विमान आत्ताच टेकलं. चाकांचा मोठा दणका बसला, तो तुझ्या कागदात नव्हता, पण काय तो मला कळला. सगळे एकदम उभे राहिलेत. बॅगा काढतायत, एकमेकांच्या खांद्यावर चढतायत, जणू विमान पेटलंय. पुढचं दार उघडलं, गार वारा आत आला. बायको आणि मुंगी माझे गुडघे ओलांडून गेल्यासुद्धा. रांग हलली, अर्धं विमान रिकामं झालं. तू बॅग खांद्याला अडकवून रांगेच्या उलट दिशेनं मागे आलीस आणि माझ्या डोक्याशी उभी आहेस. मी हे लिहितोय ते वरून वाचतेस, कळतंय मला.

"ढब्बू, ऊठ. दार उघडलंय."

उघडलंय ना? मग असू दे की उघडं. माझ्या दोन ओळी राहिल्यात.